खरी प्रत कोणती?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापाऱ्याच्या पेढीवर नवी वही उघडतात. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक रेखतात, एका बाजूस ‘शुभ’ आणि दुसऱ्या बाजूस ‘लाभ’ लिहितात, आणि मग वहीची पूजा होते. या पूजेत श्रद्धा तर आहेच. पण तिच्यामागे एक व्यवहारी शहाणपणही दडलेले आहे. वही म्हणजे पेढीची स्मरणशक्ती. कोणाला किती दिले, कोणाकडून किती येणे, भाव काय ठरला आणि केव्हा बदलला, हे सारे तिच्या पोटात. म्हणूनच जुन्या मुनीमजींचा एक कडक दंडक असे: वहीत खाडाखोड करावयाची नाही. आकडा चुकला, तर त्यावर एकच रेघ मारावयाची, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी बरोबर आकडा लिहावयाचा आणि सही करावयाची. वहीचे पान फाडणे म्हणजे तर महापातकच!

आता वही संगणकात गेली. रोजकीर्द, खतावणी, दरपत्रक, करारमदार, सारे पडद्यावर आले. सोय झाली, वेग आला. पण तो जुना दंडक मात्र वाटेत कुठेतरी गळून पडला. संगणकावर जुना आकडा पुसून नवा लिहिला, की जुना दिसेनासा होतो. रेघ नाही, सही नाही. कोणी बदलले, केव्हा बदलले, आधी काय होते, सगळेच अदृश्य. शाईच्या डागाला निदान लाज होती!

वाचकहो, हा मुनीमजींचा दंडक संगणकावर परत कसा आणावा, तोही फार खर्च न करता आणि फार विद्वत्ता न पाजळता, हा आजच्या लेखाचा विषय. त्याला इंग्रजीत भारदस्त नावे आहेत. आपण ती बाजूस ठेवू आणि सरळ एका गोदामात जाऊ.

वडप्याची गोदामे

मुंबईहून नाशिकच्या रस्त्याला लागले, ठाणे मागे पडले आणि खाडी ओलांडली, की भिवंडी तालुका सुरू होतो. भिवंडी म्हटले की पूर्वी यंत्रमागांची खडखड आठवे. ती खडखड आजही आहे. पण महामार्गालगत आता दुसरेच दृश्य दिसते. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या उंच छपरांची गोदामेच गोदामे. त्यांच्या दारांशी पाठ लावून उभे असलेले ट्रक, चहाच्या टपऱ्या आणि हातात चलान घेऊन धावणारे कारकून. या पट्ट्यातलेच वडपे हे एक गाव.

ही गोदामे इथेच का उभी राहिली, याला कारण आहे. मुंबईत शिरणाऱ्या मालावर महापालिकेची जकात होती. तिच्या हद्दीबाहेर पण बाजारपेठेच्या जवळ माल ठेवावा, आणि लागेल तेवढाच आत न्यावा, हा हिशेब व्यापाऱ्यांना भिवंडीकडे घेऊन आला. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. पण गोदामे गेली नाहीत, उलट वाढली. प्रत्येक राज्यात कराच्या सोयीसाठी वेगळे छोटे गोदाम ठेवण्याची गरज कमी झाली, आणि मोठ्या शहराजवळ एकच मोठे गोदाम परवडू लागले. त्यातच नागपूरहून निघणारा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग याच तालुक्यातल्या आमणे गावी येऊन संपतो. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. न्हावाशेव्याचे बंदर एका हाताला, नाशिकचा रस्ता दुसऱ्या हाताला आणि मुंबई समोर, अशी ही मोक्याची जागा.

पण गोदाम केवळ पत्रा आणि काँक्रीट यांवर चालत नाही, ते कागदावर चालते. खोके हलण्याआधी कागद हलतो. बिल्टी, चलान, गेटपास, साठ्याची यादी, भाड्याचा करार आणि दरपत्रक यांपैकी एक चुकला, तर दहा टनांचा ट्रक दारात उभा राहतो.

अर्ध्या रुपयाची गोष्ट

समजा, वडप्याच्या अशा एका गोदामाची छोटी कचेरी आहे. माणसे सात: मालक, हिशेबनीस, दोन कारकून, गोदामाचा सुपरवायझर, मुंबईत हिंडून गिऱ्हाईके आणणारा एक गृहस्थ, आणि नुकतीच कामावर आलेली एक मुलगी. गिऱ्हाइकांना द्यावयाचे दरपत्रक एका फाईलमध्ये आहे. ती फाईल सगळ्यांना लागते, म्हणून ती सगळ्यांकडे आहे. मालकांच्या संगणकावर ‘दरपत्रक अंतिम’. हिशेबनिसांकडे ‘दरपत्रक अंतिम नवे’. मुंबईच्या गृहस्थांच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपवरून आलेले ‘दरपत्रक अंतिम नवे 2’. आणि त्या मुलीकडे ‘दरपत्रक खरेच अंतिम’. अंतिम या शब्दाची इतकी विटंबना दुसरीकडे कुठे झाली नसेल!

मालकांनी एका सकाळी खोक्यामागे महिन्याचा दर सहा रुपयांवरून साडेसहा केला, तो आपल्या प्रतीत. संध्याकाळी त्या मुलीने एका मोठ्या गिऱ्हाइकाला दरपत्रक पाठविले, ते तिच्याकडच्या प्रतीतून. गिऱ्हाइकाने लगोलग वर्षाचा करार केला. खोकी 40,000. प्रत्येकी अर्धा रुपया म्हणजे महिन्याला 20,000 आणि वर्षाला 2,40,000 रुपये. एका फाईलच्या दोन प्रती झाल्या, एवढेच काय ते घडले.

पैसे गेले, ते गेलेच. पण खरा प्रश्न पुढे उभा राहतो: चूक कोणाची? मालक म्हणतात, “मी तर सकाळीच बदलले होते.” मुलगी म्हणते, “सर, मला नवे मिळालेच नाही.” हिशेबनीस चष्मा पुसतात. अशा वेळी दोष बहुधा सर्वांत नव्या आणि सर्वांत गरीब माणसाच्या माथी बसतो. कारण त्याच्याजवळ पुरावा नसतो आणि त्याचा आवाज लहान असतो. नोंद नसलेल्या कचेरीत न्याय नेहमी पगाराच्या चढत्या क्रमाने होतो.

म्हणूनच हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद आपोआप राहिली, तर चुकणाऱ्यास चूक दिसते आणि न चुकणाऱ्याची नोकरी वाचते.

ढग आकाशात नसतो

अशा कचेरीला कोणीतरी सल्ला देतो, “सगळे क्लाउडवर टाका!” क्लाउड म्हणजे ढग. नाव काव्यमय आहे, वस्तू मात्र अगदी जमिनीवरची. भिंतींच्या आत ओळीने मांडलेली हजारो संगणकयंत्रे, त्यांना थंड ठेवणारी वातानुकूलन यंत्रणा, वीज गेली तर धडधडू लागणारी जनित्रे आणि दारावर पहारा, असे ते घर. वडप्याहून फार दूर जावयास नको. ऐरोली, रबाळे, महापे या नवी मुंबईच्या भागात अशी घरे आहेत. मायक्रोसॉफ्टने 2015 साली, ॲमेझॉनने 2016 साली आणि गूगलने 2017 साली मुंबई परिसरात आपली अशी केंद्रे सुरू केली. आपली फाईल नेमकी याच घरांत असेल असे मात्र नाही. कोणती फाईल कुठे ठेवावी, हे कंपनी आणि आपला करार ठरवितो.

तर क्लाउड म्हणजे दुसऱ्याचे गोदाम. वडप्याच्या मंडळींना हे समजावून सांगावयास नको! गोदामात माल ठेवताना जे प्रश्न आपण विचारतो, तेच इथे विचारावयाचे. किल्ली कोणाकडे? माल कोणाच्या नावावर? आत-बाहेरची नोंद कोण ठेवतो? गोदाम सोडावयाचे झाले, तर माल परत कसा न्यावयाचा?

मात्र इथे चार निरनिराळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. ती आधी सोडवू.

पहिली गोष्ट साठवण. फाईल दूरच्या यंत्रावर ठेवणे, एवढाच तिचा अर्थ.

दुसरी मेळ. आपल्या संगणकावरचा फोल्डर आणि दूरचा फोल्डर यांत एकसारखेपणा राखणे. इकडे बदल झाला, की तिकडे होतो आणि सहकाऱ्याच्या संगणकावरही उमटतो. सोय मोठी, पण धोकाही तेवढाच. कारण इकडे फाईल पुसली, की तीही आज्ञाधारकपणे सगळीकडे पुसली जाते.

तिसरी आवृत्तींची नोंद. फाईल जतन केली की आधीची प्रत पुसावयाची नाही. तारीख, वेळ आणि बदल करणाऱ्याचे नाव घालून ती मागे ठेवावयाची. हाच मुनीमजींचा दंडक!

चौथी राखीव प्रत. वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात, रोजच्या व्यवहारापासून तोडून ठेवलेली.

पुष्कळ कचेऱ्या पहिल्या दोन गोष्टी घेतात आणि चारही मिळाल्या असे समजून स्वस्थ झोपतात.

ही युक्ती नवी नव्हे

अनेक हातांनी एकच मजकूर लिहिला, की पाठभेद होतात. आपल्या महाराष्ट्राला हे दुखणे शतकानुशतके ठाऊक आहे. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली सिद्ध झाली. पुढे सुमारे तीनशे वर्षे ती हाताने उतरली गेली. एकाने शब्द गाळला, दुसऱ्याने घातला, तिसऱ्याला कठीण वाटला म्हणून त्याने सोपा केला. शेवटी पैठणच्या एकनाथ महाराजांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाहिल्या आणि शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली शुद्ध प्रत तयार केली. ज्याच्या त्याच्या घरी ज्याची त्याची ‘अंतिम’ प्रत होती, ती गत थांबविण्याचाच हा खटाटोप.

त्याहून प्रचंड उद्योग पुण्यात झाला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर 1925 पासून त्याचे प्रमुख संपादक होते. 1943 साली ते वारले, पण काम थांबले नाही. देशभरातून मिळविलेली 1,259 हस्तलिखिते तपासण्यात आली आणि 1966 साली मूळ संहितेचे काम पूर्ण झाले. त्या ग्रंथाचे पान उघडून पाहावे. वर संपादकांनी स्वीकारलेला पाठ आणि खाली बारीक अक्षरांत कोणत्या हस्तलिखितात कोणता निराळा शब्द आहे त्याची नोंद. जे स्वीकारले नाही, तेही फेकले नाही! उद्या कोणा अभ्यासकाला संपादकांचा निर्णय पटला नाही, तर साहित्य त्याच्या डोळ्यांसमोर आहे.

या कामाला सत्तेचाळीस वर्षे लागली, कारण बदल झाले तेव्हा कोणी नोंद ठेवली नव्हती. बदल होताना नोंद ठेवली, तर तेच काम क्षणात होते. संगणकाचे कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी हे लवकर ओळखले. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी 1972 साली त्यासाठी एक पद्धत बसविली. 2005 साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी ‘गिट’ नावाचे साधन तयार केले. आज जगभरचे कार्यक्रम लिहिणारे बहुतेक सारे तेच वापरतात.

मग वडप्याच्या कचेरीने गिटच का घेऊ नये? एखादा उत्साही भाचा हाच सल्ला देण्याचा संभव आहे, म्हणून उत्तर देऊन ठेवतो. गिट साध्या मजकुराच्या ओळी ताडून पाहण्यात तरबेज आहे. एक्सेलचा तक्ता, करारपत्राचे छायाचित्र किंवा नकाशा यांच्या आतले बदल त्याला ओळीओळीने दाखविता येत नाहीत. शिवाय प्रत्येक बदल नोंदविण्यासाठी माणसाने स्वतः आज्ञा द्यावी लागते. ज्या सुपरवायझरच्या एका हातात चलान आणि दुसऱ्या हातात ट्रकवाल्याचा फोन, त्याच्याकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. सुतळीने भागते तिथे साखळदंड कशाला? कचेरीत कार्यक्रम लिहिणारी मंडळी असतील, तर त्यांनी गिट जरूर वापरावे. इतरांनी नोंद आपोआप ठेवणारे साधे फोल्डर घ्यावे.

कोणते घ्यावे?

बाजारात नावे पुष्कळ आहेत. किमती आणि योजना वारंवार बदलतात, म्हणून त्या इथे देत नाही. स्वभाव मात्र सांगता येतो.

गूगल ड्राइव्ह बहुतेकांच्या फोनमध्ये आधीच असते. फुकटच्या खात्यात 15 गिगाबाइट जागा मिळते. पण ती पत्रे आणि छायाचित्रे यांच्याशी वाटून घ्यावी लागते. गूगलच्याच तक्त्यात दरपत्रक केले, तर दोघे-तिघे एकाच वेळी त्यात लिहू शकतात आणि कोणी काय बदलले ते मागे जाऊन पाहता येते. बाहेरून चढविलेल्या फाईलचे मात्र निराळे आहे. तिच्या जुन्या आवृत्ती साधारण 30 दिवस किंवा 100 आवृत्तींपर्यंत राहतात. एखादी कायम हवी असेल, तर तशी खूण आपण करावयाची.

मायक्रोसॉफ्टचे वनड्राइव्ह, वर्ड आणि एक्सेलवर वाढलेल्या कचेरीला घरचे वाटते. फुकटची जागा 5 गिगाबाइट. घरगुती खात्यात मागच्या 25 आवृत्तींपर्यंत जाता येते. कचेरीच्या खात्यात ही संख्या पुष्कळ मोठी असते.

ड्रॉपबॉक्स हे या क्षेत्रातले जुने नाव. कंपनी 2007 सालची. मेळ राखण्यात त्याचा हातखंडा. फुकटची जागा अवघी 2 गिगाबाइट. जुन्या आवृत्ती साध्या खात्यात 30 दिवस, आणि व्यवसायाच्या काही योजनांत 180 दिवस मिळतात. दोघांनी एकाच वेळी एक फाईल बदलली, तर ते एकाचे लिखाण दुसऱ्यावर लादत नाही. दुसरी प्रत ‘संघर्षातली’ अशी खूण घालून शेजारी ठेवते. हे प्रामाणिकपणाचे आहे, पण त्या दोन प्रती जुळविण्याचे काम आपल्यावर येते.

झोहो ही आपल्या तमिळनाडूत वाढलेली कंपनी. तिचे वर्कड्राइव्ह मुळातच गटासाठी बांधलेले आहे. शेवटी, ज्यांना आपले सारे आपल्याच यंत्रावर हवे, त्यांच्यासाठी नेक्स्टक्लाउडसारखे मोफत साधन आहे. पण मोफत गाईला चारा घालावा लागतोच! यंत्र, वीज, दुरुस्ती आणि ते सांभाळणारा जाणता माणूस यांचा खर्च आपला.

दुकानदाराला विचारावयाचे प्रश्न

नावापेक्षा प्रश्न महत्त्वाचे. पहिला आणि सर्वांत मोठा प्रश्न मालकीचा. कचेरीची कागदपत्रे कोणा एकाच्या खाजगी खात्यात नकोत. तो माणूस नोकरी सोडून गेला, आजारी पडला, किंवा देवाघरी गेला, तर दप्तराची किल्ली त्याच्याबरोबर जाते. गूगलच्या व्यवसायाच्या योजनांत ‘शेअर्ड ड्राइव्ह’ असतो. त्यातली फाईल व्यक्तीची नसते, संस्थेची असते. इतरांकडेही अशी सोय आहे. थोडे पैसे पडतात. पण ते इथेच खर्च करावेत.

दुसरा प्रश्न: मागे किती जाता येते? चूक त्याच दिवशी कळली, तर 30 दिवस भरपूर. पण दरपत्रकातली चूक तिमाहीच्या बिलाला कळली, तर 30 दिवसांची सोय कुचकामी.

तिसरा: कोणाला केवळ पाहता यावे आणि कोणाला बदलता यावे? दरपत्रक सातांनी पाहावे, दोघांनीच बदलावे. मुंबईच्या गृहस्थांना प्रत पाठवूच नये. फाईलचा दुवा पाठवावा. प्रत पाठविली की ती जुनी होऊ लागते. दुवा उघडला, की नेहमी ताजी फाईल दिसते. साऱ्या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवावयाचे असेल, तर हे ठेवावे.

चौथा: जाळे बंद पडले तर? महत्त्वाच्या फाईली संगणकावरही राहतील, अशी व्यवस्था करून ठेवावी. जाळे परत आल्यावर दोघांचे बदल कसे जुळतात, हे आधीच एकदा करून पाहावे.

पाचवा: हे गोदाम सोडावयाचे झाले तर? सारे एकदम उतरवून घेता येते का? आणि उतरविताना जुन्या आवृत्तीही बरोबर येतात का? बहुधा केवळ ताजी प्रत येते. हे आधी माहीत असलेले बरे.

आणि कायदा? नोंदणीकृत कंपन्यांसाठी 1 एप्रिल 2023 पासून असा नियम आहे, की हिशेबाच्या संगणक-कार्यक्रमात प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद राहिलीच पाहिजे, आणि ती यंत्रणा बंद करता येऊ नये. त्यांच्या हिशेबाची राखीव प्रतही भारतातल्या यंत्रावर रोजच्या रोज ठेवावी लागते. म्हणजे मुनीमजींचा दंडक आता राजपत्रात आला! हा नियम भागीदारीच्या पेढीला किंवा एकट्याच्या दुकानाला लागू नाही. पण शहाणपण सर्वांना लागू आहे. वस्तू व सेवा कराचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळावे लागतात. 72 महिने कुठे आणि 30 दिवस कुठे! फोल्डरातल्या आवृत्ती रोजच्या चुकांसाठी. दीर्घकाळच्या दप्तराची सोय वेगळीच करावी लागते.

घानाची वीज गेली म्हणून

राखीव प्रत वेगळी का हवी, हे न्हावाशेव्याने जवळून पाहिले आहे. 27 जून 2017 रोजी ‘नॉटपेट्या’ नावाच्या दुष्ट कार्यक्रमाने जगभर धुमाकूळ घातला. मर्स्क ही डेन्मार्कची बलाढ्य जहाज कंपनी त्यात सापडली. तिच्या गटाकडून चालविला जाणारा न्हावाशेव्याचा धक्काही अडखळला. कुठला कंटेनर कुठे, हे सांगणारा पडदाच काळा झाल्यावर क्रेन काय करणार?

त्या कंपनीच्या जाळ्यात कोणाला प्रवेश द्यावयाचा, याची यादी ठेवणारी सुमारे दीडशे यंत्रे जगभर पसरलेली होती. ती एकमेकांशी सतत मेळ राखीत. एक बिघडले तर उरलेल्यांकडे प्रत आहेच, असा भरवसा. परंतु घाला सगळ्यांवर एकाच वेळी पडला, आणि त्या यादीची वेगळी राखीव प्रत कोणाकडेच नव्हती. एकच यंत्र वाचले, आफ्रिकेतल्या घाना देशातले. का, तर तिथली वीज गेली होती आणि त्यामुळे ते जाळ्याबाहेर होते! जाळ्यावरून तो साठा पाठविण्यास फार वेळ लागला असता. म्हणून माणसाने विमानाने नायजेरियात नेऊन दुसऱ्या माणसाच्या हाती दिला आणि तो पुढे लंडनला पोहोचला. त्यावरून सारा डोलारा पुन्हा उभा केला. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे सांगितले, की दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने सिद्ध करावे लागले. नुकसान 25 ते 30 कोटी डॉलरच्या घरात गेले.

दीडशे प्रती होत्या आणि तरीही एकच खरी राखीव प्रत निघाली, तीही विजेच्या कृपेने. आपण विजेवर विसंबू नये. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी, हा जाणत्यांचा साधा नियम आहे. वडप्याच्या कचेरीला तो असा पाळता येईल: एक प्रत संगणकावर, एक क्लाउडवर, आणि दर शनिवारी एक बाहेरच्या डिस्कवर. ती डिस्क काम होताच काढून घ्यावी आणि मालकांच्या घरी कपाटात ठेवावी. महिन्याचे हिशेब आणि करार त्यावर महिन्याच्या नावाने वेगळे ठेवले, की 72 महिन्यांचीही चिंता मिटली.

आणखी एक रिवाज पाडावा. महिन्याच्या पहिल्या तारखेस नव्या मुलीने एक नमुन्याची फाईल मुद्दाम बिघडवावी आणि जुनी आवृत्ती परत आणून दाखवावी. पाच मिनिटांचे काम आहे. आग विझविण्याचे बंब भिंतीला टांगलेले असतात; ते चालतात की नाही, हे आगीच्या दिवशी पाहणे बरे नव्हे.

घरच्या दप्तराचे काय?

“आमचे काही गोदाम नाही बुवा,” असे म्हणून एखाद्या वाचकाने पान उलटण्याआधी त्याला थांबवितो. सात माणसांची कचेरी नसली, तरी घरी पाच माणसांचे कुटुंब आहेच. लग्नाच्या आमंत्रितांची यादी आठवावी! एक आईकडे, एक आत्याकडे, एक नवऱ्या मुलाकडे. आणि नागपूरच्या मावशी तिन्ही याद्यांतून सुटतात. त्यांचा रुसवा पुढच्या तीन लग्नांना पुरतो. सोसायटीच्या वर्गणीचा तक्ता सेक्रेटरींच्या खाजगी खात्यात असतो, आणि निवडणुकीनंतर नवे सेक्रेटरी हिशेब शून्यापासून सुरू करतात. आजीच्या अनारशांची कृती सूनबाईंनी लिहून घेतली आणि लेकीने तिच्यात साखरेचे प्रमाण बदलले. आता आजीचे मूळ प्रमाण विचारावयाचे कोणाला?

घरासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. एक सामायिक फोल्डर करावा. त्यात विमा, घराची कागदपत्रे, वैद्यकीय अहवाल, याद्या आणि कृती यांच्यासाठी पाच कप्पे असावेत. फाईलच्या नावात ‘अंतिम’ हा शब्द वर्ज्य. तारीख घालावयाची असेल तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. खात्याला पासवर्डखेरीज दुसरे कुलूपही लावावे, आणि किल्ली घरातल्या दोघांना ठाऊक असावी; कारण दप्तर ज्याच्यासाठी लागते, तोच नेमका त्या वेळी रुग्णालयात असतो. व्हॉट्सॲप हे निरोपासाठी उत्तम. पण ते दप्तर नव्हे. तिथे पुढे ढकललेला प्रत्येक कागद ही एक नवी प्रत, आणि कुठली ताजी हे कोणालाच ठाऊक नाही.

या वर्षी वहीपूजनाला पेढीवर संगणकालाही हळदकुंकू लागेल, हार पडेल. ते जरूर करावे. पण त्याआधी अर्धा तास काढून सातही जणांनी एकत्र बसावे, दरपत्रकाच्या साऱ्या प्रती जमवाव्यात, एक निवडावी, बाकीच्या ‘जुने’ या फोल्डरात ठेवाव्यात, आणि कोणी बदलावयाचे ते ठरवावे. नव्या मुलीलाही त्या बैठकीत खुर्ची असावी. पुढच्या दिवाळीला अर्ध्या रुपयाचा हिशेब निघाला, तर तो आवाजावर ठरणार नाही, नोंदीवर ठरेल. शुभ आणि लाभ हे दोन्ही शब्द मग त्या संगणकाच्या कडेला खुशाल लिहावेत.